पाहण्याआधी लिहिलेला मजकूर

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता परभणीतल्या एका चित्रपटगृहात मी एक मराठी चित्रपट पाहिला. त्या चित्रपटावरचा माझा मजकूर त्याच दिवशी सकाळी छापून आला होता. तो मी बुधवारी लिहिला होता. चित्रपट वाईट आहे, असं त्यात म्हटलं होतं.

मी ज्या दैनिकाच्या परभणी कार्यालयात काम करतो, त्याची शुक्रवारची पुरवणी बुधवारीच छापून होते. मुख्य अंक रोजच्या रोज, पुरवणी आधी. गावोगावचे विक्रेते शुक्रवारी पहाटे एकात एक घालतात. चित्रपट लागतो शुक्रवारी. त्यामुळे त्या दिवशी पुरवणीत येणारा चित्रपटावरचा मजकूर चित्रपट न पाहताच लिहिलेला असतो. मोठ्या चित्रपटांचा मजकूर मुंबईहून तयार येतो. आपल्या भागातल्या कुणी काढलेला चित्रपट असला, तर पोस्टर आणि मोबाइलवरचा ट्रेलर पाहून दीड-दोनशे शब्द लिहायचे. त्याला आम्ही समीक्षण म्हणत नाही, ओळख म्हणतो. ओळख बहुधा गोड असते. कथा काय आहे, कलाकार कोण आहेत, चित्रीकरण कुठं झालं, शुभेच्छा. मी त्या बुधवारी तसं लिहिलं नाही.

चित्रपट काढणारा माणूस ताडकळसचा होता. पंधरा वर्षांपासून तो लग्नांचं शूटिंग करतो. पूर्णा, परभणी, सेलू, पाथरी या पट्ट्यातली बरीच लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली आहेत. अकरा वर्षांपूर्वीचं माझंही. त्या सीडीत मी एका कमळातून वर येतो. बायकोचा चेहरा बदामाच्या आकारात गोल फिरतो. शेवटी आम्ही दोघं एका धबधब्यासमोर उभे आहोत. त्या धबधब्याला आम्ही कधी गेलेलो नाही.

सोमवारी तो कार्यालयात आला होता. पोस्टर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं.

“सर, शुक्रवारी लागायलाय. बाराचा एकच खेळ दिलाय, आठवडाभर. तुमी या.”

“बरं.”

“बरं म्हणू नका. येतो म्हणा.”

“येतो.”

“बघा अन् मग लिवा. बघायच्या आधी लिवू नका, सर. एवढी एक विनंती हाय.”

पाहून लिहीन, असं मी त्याला सांगितलं. तेव्हा माझा तसाच विचार होता. बुधवारी चार वाजता पुरवणीच्या शेवटच्या पानावरची एक जाहिरात रद्द झाली. मुख्य कार्यालयातून फोन आला की एकशे ऐंशी शब्द पाठव, अर्ध्या तासात. टेबलावर त्याचं पोस्टर होतं. त्यावर अकरा चेहरे आणि एक एसटी होती. ट्रेलर पाहिला. दोन मिनिटं नुसते ढोल वाजत होते. ट्रेलर पुण्यातल्या कुण्या ओळखीच्यानं फुकट करून दिला होता, हे मला नंतर कळलं. पंचवीस मिनिटांत मजकूर गेला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘लग्नाचं शूटिंग लांबवलं की त्याचा चित्रपट होत नाही, हे कळायला तिकीट काढण्याची गरज नाही.’ मुख्य कार्यालयातल्या उपसंपादकानं ते वाक्य आवडल्याचं कळवलं आणि चौकटीत घेतलं.

त्या माणसाला एक प्रेक्षक हवा होता. त्याचे वडील.

वडील जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. घरात लिहायला-वाचायला शिकलेले ते पहिले. नोकरी लागली तेव्हापासून रोज सकाळी वंदना झाली की ते बौद्ध विहाराच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात. सुरुवात त्यांनी स्वतःच्या वडिलांसाठी केली होती. मग वस्तीतली इतर माणसं येऊन बसू लागली. आता पुष्कळांना वाचता येतं, तरी कामाला जाण्याआधी पंधरा-वीस जण तिथं येऊन ऐकतात. पहिलं पान, जिल्ह्याचं पान, बाजारभाव, निधनवार्ता, पुरवणी असा क्रम असतो. जाहिराती सोडून काही वगळायचं नाही, हा नियम आहे. वस्तीतल्या एकाच्या मुलाला मारामारीत अटक झाली होती, तेव्हा तेवढी बातमी सोडा असं त्या बापानं हात जोडून सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, “आज तुझी सोडली तर उद्या माझी सोडावी लागंल.” त्यांनी ती वाचली.

गुरुजींची बायको दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वारली. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी परभणीला यावं लागे. ती गेली त्या दिवशी मुलगा सेलूला एका लग्नाच्या शूटिंगवर होता. फोन आवाज बंद करून बॅगेत ठेवलेला होता. चौदा फोन येऊन गेले. ऊन फार होतं, लोक किती थांबणार? चार वाजता अंत्यविधी झाला. मुलगा साडेपाचला पोचला. फोन आल्याचं कळलंच नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

गुरुजी त्यावर काही बोलले नाहीत. भांडण झालं नाही. एका घरात राहून दोघांचं बोलणं तेवढं कमी झालं. जेवलास का, गाडी कुठं लावली, पाण्याची मोटर बंद केली का. चित्रपट पूर्ण झाल्यावर मुलानं सांगितलं, “आईचा सिनेमा काढलाय. बघायला या.” गुरुजी म्हणाले, “पेपरात काय येतं ते बघू. मग ठरवू.”

यातलं काहीही मला बुधवारी माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना बायकोनं पुरवणी वाचली.

“पाहून आलात का?”

“आज जायचंय.”

“मग हे कुणी लिहिलं?”

“पुरवणी बुधवारी जाते. तुला माहितीय.”

“कमळाचा राग काढला म्हणा.”

चित्रपटगृहात सतरा माणसं होती. सवयीनं मोजली. मी मागून तिसऱ्या रांगेत, बाहेर पडायला सोपं म्हणून कडेच्या खुर्चीवर बसलो. वही काढली नव्हती. मध्यंतरापर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

पहिल्या प्रसंगात ताडकळसच्या थांब्यावर एक बाई एसटीची वाट बघत उभी आहे. संगीत नाही. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे ठेवून दिल्यासारखा आहे, हलत नाही. एक ट्रॅक्टर जातो. दोन शाळकरी मुली जातात. बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते. मग बसते, पुन्हा उठते. हे जवळपास तीन मिनिटं चालतं. मी पहिलं मिनिट घड्याळ बघत होतो. दुसऱ्या मिनिटाला बघायचं राहिलं. एसटी आली तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “आली बाबा एकदाची.” सगळे हसले, मीही हसलो.

बाईचं काम त्याच्या मावशीनं केलं होतं. ती शेतात मजुरी करते. याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती, लग्नातल्या रांगेत सोडून. चित्रपटातली बाई आठवड्यातून तीनदा त्याच गाडीनं जाते आणि येते. कंडक्टर तिच्यासाठी खिडकीची जागा राखतो. एकदा त्या जागेवर एक जाडजूड गृहस्थ बसतो आणि उठत नाही. कंडक्टर त्याला म्हणतो, “ही शीट राखीव हाय.” “कुणासाठी?” “खासदारासाठी.” गृहस्थ उठतो आणि बाई तिथं जाऊन बसते. गृहस्थ पूर्णेच्या फाट्यापर्यंत तिच्याकडं टक लावून बघतो. मग अदबीनं विचारतो, “ताई, आमच्या रस्त्याचं कवा होणार?” बाई थोडा विचार करते आणि म्हणते, “बघू.” त्या एका शब्दावर चित्रपटगृहात जो हशा झाला, तसा हशा मी तिथं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मध्यंतरात मी बाहेर पडलो नाही.

दुसऱ्या भागात तिचा मुलगा येतो, तो लग्नाचं शूटिंग करतो. नवरदेवाचा एक मामा आहे, तो प्रत्येक चौकटीत फेटा सावरत शिरतो. नवरीच्या मैत्रिणींचा फोटो काढताना मागच्या खिडकीतून त्याचा फेटा दिसतो. हे सगळं आपण कॅमेऱ्यातून पाहतो. मुलगा दिसत नाही, त्याचं “मामा, थोडं बाजूला” तेवढं ऐकू येतं. मला माझं लग्न आठवलं. माझ्या सीडीत असाच एक मामा आहे, तो बायकोकडचा.

मग लग्न लागतं. वधू-वरांच्या प्रतिज्ञा चालू आहेत. इथं पहिल्यांदा आपल्याला मुलगा दिसतो, कॅमेऱ्यामागं, डोळा लावून उभा. त्याच्या पायाशी तिवईजवळ काळी बॅग आहे. बॅगेची चेन थरथरते. थांबते. पुन्हा थरथरते. आवाज नाही, प्रतिज्ञांचाच आवाज आहे. मुलगा मान खाली करून बॅगेकडं बघतो. समोर हार घालायची वेळ झालेली आहे. तो पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावतो. हार घातले जातात, फुलं उडतात, मामा चौकटीत येतो. खाली बॅग थरथरत राहते.

चित्रपटगृहात कुणी हसलं नाही. मी वही पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती, पण त्या पानावर काही लिहिलेलं नाही. चित्रपट दीड तासाचा आहे. त्यात एकही कमळ नाही, धबधबा नाही. जे दाखवायचं ते त्यानं समोर ठेवलं आहे आणि हात काढून घेतला आहे. पंधरा वर्षं लोकांच्या सांगण्यावरून बदाम आणि धबधबे टाकणाऱ्या माणसाला हे येत होतं.

बाहेर आलो तर तो तिकीटखिडकीजवळ उभा होता.

“सर, आलात.”

“आलो. चांगला झालाय. फार चांगला झालाय.”

“पेपर बघितला सकाळी.”

“ते मी बुधवारी लिहिलं होतं.”

“असंल.” तो तिकीटखिडकीपासून बाजूला झाला. “बापानं वाचलं, सर. विहारात.”

सकाळी नेहमीप्रमाणे गुरुजी पुरवणीपर्यंत आले होते. मथळा वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ऐकणाऱ्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या गुरुजी, ते आपल्या पोराचं हाय.” गुरुजींनी चष्मा पुसला आणि एकशे ऐंशी शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. चौकटीतलं वाक्यही वाचलं. मग घडी घालून घरी गेले. रविवारी वस्तीतली माणसं दोन जीपांनी चित्रपट बघायला येणार होती. गुरुजींनी सुनेला सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला दे.

“मी जाऊन सांगतो त्यांना,” मी म्हणालो.

“काय सांगताल?”

“चित्रपट चांगला आहे, हे.”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “घरी मी सांगितलंय की फोन कळला न्हाई म्हणून. कळला होता, सर. तुमी बघितलं आता. तोंडानं न्हाई सांगता येत. दोन वर्सं झाली. म्हणून काढलाय.”

शनिवारी सकाळी मी मोटारसायकलनं ताडकळसला गेलो. वाचन संपलं होतं, ओट्यावर गुरुजी एकटेच होते. मी ओळख सांगितली. त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली. सुनेनं शेजारच्या घरातून चहा आणला.

“कालचा मजकूर माझा होता,” मी म्हणालो.

“भाषा चांगली हाय तुमची. वाक्यं आटोपशीर.”

“तो चुकीचा होता.”

“काय चुकलं?”

“चित्रपट न पाहता लिहिला होता.”

गुरुजींनी कप खाली ठेवला. “म्हंजे उत्तरपत्रिका न उघडता मार्क दिले.”

“हो.”

“मी सदतीस वर्सं नोकरी केली. एक मास्तर होते आमच्यात, अक्षर बघून मार्क द्यायचे. पण ते बी उघडून बघायचे.”

मी चहा संपवला.

“आता बघितला का?”

“काल. चांगला आहे. तुम्ही तो पाहावा, असं सांगायला आलोय.”

“हे तुमी मला इथं सांगायलाव. बसून, दोघांत.” ते ओट्यावर हात ठेवत म्हणाले, “मी ह्याच जागी वीस माणसांत वाचलंय. तोंडी कसं खोडू? मी उद्या म्हणलं की पेपरवाला येऊन चुकलं म्हणून गेला, तर लोक म्हणतील, पोरासाठी गुरुजी खोटं बोलायलेत.”

“मग?”

“छापा. छापून आलं की वाचतो. वाचलं की येतो.”

“तुमच्या मुलाला तुम्ही यावं असं फार वाटतं.”

“मला न्हाई वाटत का?” ते म्हणाले. मग चहा गार झाला म्हणून सुनेला हाक मारली.

रविवारी एकच जीप आली. गुरुजी त्यात नव्हते.

पुढची पुरवणी शुक्रवारची होती आणि चित्रपट गुरुवारी उतरणार होता. मधल्या दिवसांत मुख्य अंकात जिल्ह्याच्या पानावर काही देता येईल का, असं मी सोमवारी मुख्य कार्यालयातल्या वृत्तसंपादकांना विचारलं.

“आकडा चुकला, नाव चुकलं, तर आपण दुरुस्ती देतो,” ते म्हणाले. “मत बदललं म्हणून दुरुस्ती देत नाहीत.”

“मत बदललं नाही. मत नव्हतंच. पाहिला नव्हता.”

“हे तू छापायला सांगतोयस? न पाहता लिहितो, असं?”

“एका चित्रपटापुरतं.”

“लोक बाकीच्यांचंही विचारतील.”

मंगळवारी ते सुटीवर होते. बुधवारी संध्याकाळी त्यांचाच फोन आला. “उद्या शेवटचा खेळ आहे ना? तशी बातमी कर. त्यात एक ओळ घाल. एकच.” मी दहा ओळींची बातमी केली. सातवी ओळ अशी होती: ‘गेल्या शुक्रवारी या दैनिकात आलेला या चित्रपटावरील मजकूर चित्रपट पाहण्यापूर्वी लिहिलेला होता, प्रत्यक्ष पाहिल्यावर तो चुकीचा असल्याचे आढळले.’ बातमी आठला दहा मिनिटं कमी असताना पाठवली. सव्वाआठनंतर ती मंजूर झाल्याचा निरोप आला. मी गुरुजींच्या मुलाला फोन करून सांगितलं की उद्या येतंय.

“नक्की?”

“पान गेलं.”

“मग उद्या बाप येतोय, सर,” तो म्हणाला. “साडेदहाच्या गाडीनं येतील.”

गुरुवारी सकाळी कार्यालयात आलेल्या अंकात सहाव्या पानावर बातमी होती. मी ती दोनदा वाचली. साडेअकराला त्याचा फोन आला. तो चित्रपटगृहाच्या दाराशी उभा होता. गाडी येऊन गेली होती आणि गुरुजी उतरले नव्हते. त्यानं घरी फोन केला, तेव्हा बायको म्हणाली, बाबांनी पेपर सगळा वाचला, त्यात तसलं काही नव्हतं.

आमच्या दैनिकाच्या रोज दोन आवृत्त्या निघतात. दूरच्या गावांना गाडी लवकर सोडावी लागते, म्हणून त्यांची डाक आवृत्ती आधी छापतात. शहराची नंतर. डाक आवृत्तीची पानं आठ वाजता बंद होतात. ताडकळसला डाक आवृत्ती जाते. बावीस वर्षं मी हे काम करतो आहे. बुधवारी संध्याकाळी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्यासमोर शहराचा अंक होता आणि त्यांच्यासमोर दुसरा.

मी सहाव्या पानाचा फोटो काढून सुनेच्या मोबाइलवर पाठवला. तिनं तो गुरुजींना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचला आणि परत दिला.

“मोबाइलवर काय बी येतं,” ते म्हणाले. “पेपरात कुठाय?”

सुनेनं त्यांच्यापुढं पेपर ठेवला. सहाव्या पानावर त्या जागी एका पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेची बातमी होती. बारा वाजता खेळ सुरू झाला. मी गेलो होतो. मुलगा आत आला नाही. तो दीड वाजेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा होता.

शुक्रवारच्या पुरवणीत माझं समीक्षण आलं. त्याला मी समीक्षण हाच शब्द वापरला. पाचशे शब्द होते आणि पुरवणी असल्यानं ते सगळीकडं गेले. त्यात थांब्याचा प्रसंग होता, खासदाराचा होता. बॅगेविषयी मी लिहिलं नाही. गुरुजींनी ते विहारात वाचलं. ऐकणाऱ्यांनी सांगितलं की खासदाराच्या प्रसंगापाशी ते थांबले. “आमची ही असंच बोलायची,” असं म्हणाले आणि पुढं वाचू लागले. नंतर घरी येऊन त्यांनी मुलाला विचारलं, “कुठं लागलाय?”

“उतरला काल.”

“दुसरीकडं कुठं?”

“कुठंच न्हाई. लॅपटॉपवर हाय. आता लावू का?”

“लॅपटॉपवर न्हाई. विहारात लाव. लोकांत वाचलंय, लोकांत बघू.”

त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलले, असं सुनेनं मला सांगितलं. पडदा कुठं बांधायचा, खुर्च्या कुणाकडून आणायच्या, मावशीला पुढं बसवायचं. लग्नसराई लागली होती. मुलानं पुढच्या तिन्ही रविवारांची शूटिंगं घेतलेली होती आणि शब्द मोडता येत नव्हता. चौथा रविवार ठरला.

दुसऱ्या रविवारी सकाळी अंघोळीला गेलेले गुरुजी तिथंच पडले. मुलगा पाथरीला लग्नात होता. फोन त्याच्या खिशात होता आणि त्यानं तो दुसऱ्या रिंगला उचलला. कॅमेरा जोडीदाराच्या हातात देऊन तो निघाला. रुग्णवाहिका परभणीला पोचण्याआधी तो दवाखान्याच्या दारात होता. अर्धांगवायूचा झटका होता. बावीस दिवस दवाखान्यात ठेवलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. वर्तमानपत्र समोर धरलं तर ते त्याकडं बघत, पण नजर ओळीवरून सरकताना कुणाला दिसली नाही. विहारात आता गावातली एक अंगणवाडी सेविका वाचते.

चित्रपट विहारात दाखवला तो जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता. त्याआधी मी मुलाला विचारलं होतं, दाखवायचाच का.

“डॉक्टर म्हणाले, कळत असंल बी, नसंल बी,” तो म्हणाला. “सांगता येत न्हाई म्हणाले.”

“तू त्यांना तसं सांगितलंस का? फोनचं?”

“दवाखान्यात सांगितलं. दोनदा. ते माझ्याकडंच बघत होते. पण ते सगळ्यांकडंच तसं बघतात, सर.”

आवारात पांढरा पडदा बांधला होता. शंभरेक माणसं असतील, त्या दिवशी मी मोजली नाहीत. गुरुजींना पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीवर बसवलं होतं. अंगावर शाल होती आणि पाठीशी उशी. एका बाजूला सून बसली, दुसऱ्या बाजूला मावशी. मुलगा प्रोजेक्टरजवळ उभा राहिला. मी चौथ्या रांगेत होतो. तिथून मला गुरुजींचं डोकं मागच्या बाजूनं दिसत होतं. खासदाराच्या प्रसंगाला लोक हसले, मावशीनं पदर तोंडाला लावला. ते डोकं हललं नाही. लग्नाच्या प्रसंगाला सगळे गप्प झाले, तेव्हाही हललं नाही.

साडेआठला चित्रपट संपला. दिवे लावले. मुलगा पुढं आला नाही, तो वायर गुंडाळत राहिला. मी सुनेकडं गेलो आणि विचारलं, ते मध्ये झोपले होते का. ती म्हणाली, न्हाई, जागे होते, सगळा वेळ. मी पुन्हा विचारलं, लग्नाच्या प्रसंगाला? ती म्हणाली, जागे होते, पडद्याकडंच बघत होते.